चातुर्मासात लसूण कोणी सोलायचा?

इंदूरच्या माणसाची सेव बंद करायची असेल, तर आधी त्याच्या घरच्यांना बोलावून घ्यावं, त्याला खुर्चीत बसवावं, पाणी पाजावं आणि मग हळूच विषय काढावा, अशी माझी समजूत होती. तुकोगंजातल्या आहारतज्ज्ञ बाईंना असला काही रिवाज ठाऊक नव्हता. त्यांनी माझा शुगरचा रिपोर्ट पाहिला, माझ्या दिवसभराच्या खाण्याची यादी पाहिली आणि लाल पेन काढलं. सकाळच्या पोह्यांवरची सेव गेली. दुपारची सेवेची भाजी गेली. रात्री सराफ्यात जाऊन खाण्यावर तर त्यांनी अशी आडवी रेघ ओढली, की तिथले सगळे ठेले एका फटक्यात उठले असं मला वाटलं. शेवटी संध्याकाळी सहाच्या चहाशेजारी लिहिलेले दोनच शब्द उरले : सेव-परमल. परमल म्हणजे आमच्याकडचे कुरमुरे. बाईंनी परमल ठेवले असते, पण त्यांना एकटं ठेवून काय करायचं, असा विचार त्यांनी बहुतेक केला असावा. तेही गेले.

"इसकी जगह गार्लिक रोस्टेड एडामामे लीजिए, सर. एक कटोरी. घर पे ही बन जाता है."

मी विचारलं, हे काय असतं? बाईंनी मोबाईलवर फोटो दाखवला. काळ्या वाडग्यात हिरव्या शेंगा, वर लसणाचे तपकिरी तुकडे, शेजारी दोन लाकडी काड्या. मी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

"मॅडम, ये तो सोयाबीन है."

"नहीं सर, ये एडामामे है. जापान में खाते हैं."

"जापान में खाते होंगे. पर है तो सोयाबीन."

बाईंनी माझ्याकडे ज्या करुणेनं पाहिलं, ती मी जन्मात विसरणार नाही. माझ्या वयाच्या माणसांची शुगर वाढली की असं होतं, असं काहीसं त्या नजरेत होतं.

आता तुम्हीच सांगा. पावसाळ्यात इंदुरातून कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडा, दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत सोयाबीन. आम्ही ते पेरतो, विकतो, त्याचं तेल काढतो, पेंड गुरांना घालतो आणि भाव पडला की त्याच्या नावानं रस्ताही अडवतो. हरभऱ्याचे हिरवे घाटे आम्ही शेकोटीत भाजून खातो, मक्याचं कणीस किसून त्याचा कीस करतो, थंडीत गराडूसारखा खडबडीत कंदसुद्धा तळून फस्त करतो. ह्या गावानं तोंडात न टाकलेली वस्तू शोधून काढणं अवघड. पण सोयाबीनची हिरवी शेंग? ती खायची असते असं आमच्यापैकी कोणालाही कधी सुचलं नाही. ते जपानातून कळावं लागलं, तेही तुकोगंजातल्या एका एसी खोलीत.

सेव गेल्याचं दुःख मी नाटकी पद्धतीनं साजरं केलं असतं आणि विसरलोही असतो. पण सहाची ताटली निराळी होती.

ती ताटली माझी एकट्याची नव्हती. वडील गेले त्यानंतर कधीतरी, रोज संध्याकाळी सहाला मी आणि आई गॅलरीत बसू लागलो. मध्ये एक स्टीलची ताटली, तिच्यात सेव-परमल, वर लिंबू. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. दुपारी जेवायला बसली की अर्धी पोळी खाऊन "झालं माझं" म्हणते. रात्री दूध पिऊन "पोट भरलंय" म्हणते. पण सहाच्या ताटलीत तिचा हात गप्पा मारता मारता आपोआप जायचा. कोणाच्या सुनेनं कोणाला काय म्हटलं, हे सांगताना एक चिमूट. तिचा भाऊ लहानपणी कसा खोटारडा होता, हे सांगताना एक मूठ. ताटलीत वाटा नसल्यामुळे आपण किती खाल्लं ते तिला कळत नसे, आणि म्हणून ती खात असे. दिवसभरातलं तिचं खरं जेवण ते तेवढंच.

पहिल्या दिवशी बायकोनं दोन ताटल्या ठेवल्या. आईपुढे सेव-परमल, माझ्यापुढे काकडी. बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे काकडीच्या चकत्या एकसारख्या जाडीच्या होत्या. आईनं माझ्या ताटलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या. चार दाणे उचलले आणि ताटली सरकवली.

"का गं?"

"एकटीनं खायला मी काय उपाशी बसलेय?"

चौथ्या दिवशी ती म्हणाली, हल्ली सहाला भूकच लागत नाही. महिन्याभरानं बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, आईंचे ब्लाउज मी दुसऱ्यांदा आत घेऊन आणले."

तेव्हा मला उमगलं की माझ्या शुगरचं काय व्हायचं ते होवो, पण आम्हा दोघांना एकाच ताटलीतून खाता येईल असं काहीतरी शोधायला हवं होतं. आणि बाईंनी परवानगी दिलेली वस्तू एकच होती.

बायकोनं एडामामेचं फ्रोझन पाकीट आणलं. जिथं लिंबं जाळीच्या पिशवीत घालून विकतात, तसल्या दुकानातून. किंमत विचारली तर म्हणाली, "तुमचं ब्लडप्रेशर अजून नॉर्मल आहे, ते तसंच राहू द्या." पाकिटामागची कृती तिनं मोठ्यानं वाचली : ओव्हन तापवावा, शेंगांना ऑलिव्ह तेल आणि ठेचलेला लसूण लावावा, भाजावं. ओव्हन आमच्याकडे नाही. आणि लसूण? आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, चातुर्मासाचे चार महिने, आईच्या राज्यात लसूण-कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही. तेव्हा गार्लिक रोस्टेड एडामामेतून गार्लिक गेला, रोस्टेड गेलं आणि उरलं ते नुसतं एडामामे, मिठाच्या पाण्यात उकडलेलं.

ते कसं खायचं, हे पाकिटावर लिहिलं नव्हतं. निदान मी वाचलं नाही. मी अख्खी शेंग तोंडात टाकली आणि चावू लागलो. बराच वेळ चावत राहिलो. शेंगेचं साल काही केल्या संपेना. आई टक लावून बघत होती.

"गिळून राहिलायस की रवंथ करून राहिलायस?"

"चांगलं आहे," मी भरल्या तोंडानं म्हणालो. "तू पण घे."

तिनं एक दाणा काढून जिभेवर ठेवला. "आजाऱ्याचं खाणं आहे हे," म्हणाली, आणि हात धुवायला उठली.

मग मी इंदूरजवळच्या हातोदला फोन लावला. शाळेपासूनचा माझा एक दोस्त तिथं राहतो. घरची मोठी शेती, मंडीत वट, आणि आवाज असा की त्याच्याशी बोलायला फोनची गरज नाही.

"भिया, शेतात सोयाबीन आहे का?"

"इस मौसम में सोयाबीन नहीं तो क्या अंगूर रहेगा?"

"मला हिरव्या शेंगा हव्यात. थोड्याच."

"भैंस पाल ली क्या?"

"नाही रे. मला खायला हव्यात."

 पलीकडून एकदम हळू, काळजीचा आवाज आला : "भिया, घर पे सब ठीक है ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतः आला. डिकीतून त्यानं सोयाबीनची उपटलेली झाडं काढली, मुळांच्या मातीसकट, एक मोठा भारा. लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर तो भारा येताना शेजाऱ्यांनी पाहिलं आणि आमच्याकडे कसलं तरी व्रत आहे अशी अफवा संध्याकाळच्या आत खालच्या वॉचमनपर्यंत पोचली. आम्ही गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि शेंगा तोडू लागलो. जपानी पाकिटातल्या शेंगा गुळगुळीत, टपोऱ्या होत्या. ह्या आमच्या मालव्याच्या शेंगा बारीक आणि दाढी वाढवलेल्या. सगळ्या अंगभर तांबूस लव.

"ये देख, इसको ढोर भी सोच के खाता है," दोस्त म्हणाला. "तू बिना सोचे खाएगा."

"जपानमध्ये खातात."

"जापान में भूकंप भी आता है."

शेंगा तोडून झाल्यावर तो पाणी प्यायला आत गेला आणि मी माझं खरं काम काढलं. खिशातून लसणाचा एक गड्डा काढून गॅलरीच्या कोपऱ्यात, पाठ दाराकडे करून, मी पाकळ्या सोलायला बसलो. चार पाकळ्या सोलून झाल्या आणि मागून आवाज आला.

"काय आहे हातात?"

आई दारात उभी होती. तिची दृष्टी आता अधू आहे, गुडघे दुखतात, पण नाक ऐन तारुण्यात आहे.

"काही नाही."

"चातुर्मासात? ह्या घरात? सरकारांच्या वेळेपासून हे घर पाळत आलंय."

सरकार म्हणजे होळकर सरकार. आमचा कोणी एक पूर्वज दरबारात नोकरीला होता, एवढं नक्की. माझ्या आजोबांच्या सांगण्यात तो घोडेस्वार होता. वडिलांच्या सांगण्यात शंभर घोडेस्वारांवरचा अंमलदार झाला. माझ्या काकांनी अलीकडे त्याला जवळजवळ दिवाणगिरीवर आणून ठेवलंय. मेल्यानंतर इतक्या बढत्या मिळालेला दुसरा सरकारी नोकर मला माहीत नाही.

"आई, तो मोहिमेवर जाणारा माणूस. भर पावसाळ्यात छावणीत भाकरीबरोबर लसूण खात नसेल?"

"तू होतास का तिथं?"

हा मुद्दा बिनतोड होता. तेव्हा मी हौशी रंगभूमीवरचा सगळा अनुभव पणाला लावला. उठलो, आत गेलो आणि सेवेचा डबा घेऊन आलो. आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणीच बोलत नव्हतं. आईला जी सेव आवडते, जी ती वर्षानुवर्षं सहाच्या ताटलीतून खात आली, चातुर्मासातसुद्धा, ती लसणाची सेव आहे. डब्यात घडी घालून ठेवलेलं पाकीट मी उलगडलं. त्यावर लाल ठळक अक्षरांत तसं लिहिलेलंच होतं.

"वाच."

"चष्मा नाही."

"मी वाचतो. बेसन, तेल, लसूण..."

"ती सेव आहे," आई म्हणाली.

"तिच्यात लसूण आहे, आई."

"असेल. मी सोललाय का?"

मी डब्याचं झाकण लावलं. इतक्या वर्षांचं आमच्या घरातलं धर्मशास्त्र तीन शब्दांत माझ्यापुढे उघडं झालं होतं. तेवढ्यात आतून, वह्या तपासता तपासता, बायकोचा आवाज आला.

"म्हणजे दोष लसणात नाही, सोलण्यात आहे. असंच ना, आई?"

"मी असं काही म्हटलं नाही," आई म्हणाली. मग जरा थांबून, "पण तू गणिताची. तू म्हणतेस तर तसं असेल."

"मग झालं तर!" मी म्हणालो. "हा मी सोललाय. तू नाहीस."

"तू कोण? माझ्याच पोटचा. तुझे हात ते माझेच."

"हिनं सोलला तर?"

"ती ह्या घरची नाही का?"

बायको पेन हातात घेऊन गॅलरीच्या दाराशी आली. आईनं मान वळवली. मी मान वळवली. पाण्याचा ग्लास घेऊन माझा दोस्त आमच्या मागे उभा होता, आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो.

"क्या हुआ?" तो म्हणाला. "मेरे को ऐसे क्यों देख रहे हो?"

"भिया, तुला लसूण सोलता येतो?"

"घर में आज तक चाय नहीं बनाई मैंने."

"शिकशील."

"पूरे मालवे में लसण छीलने के लिए मैं ही बचा?" तो आईकडे वळला. "काकीजी, आप बोलो, आपको चाहिए क्या ये लसण?"

आईनं पदर सारखा केला. "मला काय करायचंय? पण पाहुण्यानं हौसेनं काही केलं तर नाही कसं म्हणायचं?"

इथं एक कबुली देतो. चातुर्मासात परान्नही घेऊ नये, दुसऱ्याच्या हातचं खाऊ नये, असंही शास्त्र आहे. ते मला ठाऊक होतं. बायकोला ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. पण मी त्या वेळी शास्त्राचा वकील नव्हतो, ताटलीचा होतो. मी दुसऱ्या खिशात हात घातला. माझ्या चार पाकळ्या खाली कुंडीत गाडल्या गेल्या आणि दोस्तासमोर नवा गड्डा ठेवला गेला. गॅलरी घरात मोडत नाही, असाही एक निकाल आईनं विचारायच्या आतच देऊन टाकला. त्यामुळे शेगडीही तिथंच आली, विजेची, आणि एक जुनी लोखंडी कढई.

शेंगांना मीठ चोळून लव काढली. खारट पाण्यात त्या सात-आठ मिनिटं उकळल्या, कारण कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं, असं बायकोनं शोधून काढलं होतं. मग फडक्यावर कोरड्या केल्या आणि तापलेल्या कढईत घातल्या. अंगावर काळे डाग पडेपर्यंत परतायच्या, मग बाजूला सारून मध्ये तेल. तेल बायकोनं चमच्यानं मोजून दिलं, चमचा बोटानं सपाट करून. आणि मग दोस्तानं, कपाळाला घाम, बोटं चिकट, आपला ठेचलेला लसूण त्यात सोडला.

दोनेक महिन्यांनंतर आमच्या घरात तो वास आला. आई तिच्या खुर्चीत येऊन बसली होती, पण तोंड रस्त्याकडे, जणू काही ती गाड्या बघायला आली होती.

"जल रहा है, जल रहा है!" दोस्त ओरडला.

"हलव ना मग!"

"तू बोल मत. लसण मेरा है."

लाल मिरचीच्या बिया, मीठ, लिंबू. जिरावण घालू का, असं दोस्तानं विचारलं. इंदुरात तो मसाला न घालता माणूस फक्त औषध खातो. बायको म्हणाली, चिमूटभर. त्यानं आपल्या चिमटीनं घातलं, आणि त्याची चिमूट शेतकऱ्याची आहे.

मध्ये ताटली ठेवली. एकच.

ह्या वेळी मी आधी मोबाईलवर बघून ठेवलं होतं. शेंग दातांत धरायची, ओढायची, दाणे तोंडात, साल बाहेर, बोटांना लागलेला लसूण चाटायचा. दोस्तानं तसं केलं. एक खाल्ली. दुसरी खाल्ली. मग त्यानं एक शेंग उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"बाप-दादा के टाइम से बो रहे हैं," तो म्हणाला. "किसी ने बताया नहीं यार."

"तुला कोण सांगणार? तू मंडीत विचारलंस का?"

"मंडी में पूछता तो मेरे को भी तुकोगंज भेज देते."

आईला दातांनी ओढणं जमेना, कवळी सुटायची भीती. तिनं शेंग चिमटीत दाबली. दाणा टपकन् तळहातावर पडला. तो तिनं तोंडात टाकला आणि आम्ही तिघं बघत राहिलो, निकालाच्या दिवशी पोरं फळ्याकडे बघतात तसे.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

आमच्या घरात ह्याहून मोठी दाद नाही. ज्याला मीठ कमी आहे ते पुढे खायचं ठरलेलं असतं. बायको मीठ आणायला गेली, ती आत शाळेच्या फोनवर अडकली, आणि आईनं दुसरी शेंग उचलली. मग दोस्ताला विचारलं, तुझ्या थोरल्याचं लग्न जमलं का? त्यानं सांगितलं की मुलगी बघून आलेत पण मुलीनंच नकार दिला. आईला आनंद झाला. असली बातमी तिला महिनाभर मिळाली नव्हती. काय म्हणाली मुलगी? तिचा बाप काय करतो? आमच्या नात्यातल्या एकीनं असाच नकार दिला होता, आणि पुढे तिचं काय झालं ते ऐक. एक शेंग. त्यातला मुलगा तर सोन्यासारखा होता. एक शेंग. सासू मात्र, देवा! दोन शेंगा.

सेवेचं एक बरं असतं. ती खाल्ली की संपली, मागे साक्षीदार ठेवत नाही. शेंगांचं तसं नाही. शेंगा खाणाऱ्याच्या समोर सालांचा ढीग साठतो. ताटली रिकामी झाली तेव्हा दोस्तापुढे एक ढीग होता, माझ्यापुढे एक लहानसा, आणि आईपुढे असा, की आम्हा दोघांचा एकत्र केला तरी कमी पडावा. तिचं लक्ष त्याच्याकडे गेलं. मला ते दिसलं, पण मी लगेच खालच्या रस्त्यावरच्या भाजीवाल्याकडे बघू लागलो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला तिचा हात दिसला. वर्तमानपत्रावरून तो हळूहळू, सावकाश, एकेक साल पुढे ढकलत, तिचा सगळा ढीग माझ्या ढिगात आणून मिसळत होता. दोस्तालाही दिसलं. तो एकदम मोबाईल बघायला लागला.

बायको मीठ घेऊन आली. ताटली रिकामी, आणि माझ्यापुढे सालांचा डोंगर. तिनं वाकून बघितलं. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

"अहो, एक वाटी सांगितली होती बाईंनी. ह्या तीन वाट्यांच्या वर होतात. एवढ्या तुम्ही खाल्ल्या?"

मी आईकडे पाहिलं. आई आता त्याच भाजीवाल्याकडे बघत होती, इतक्या एकाग्रतेनं की त्याच्याकडून गिलकी घ्यावीत की नाही ह्यावर बहुतेक तिचं सगळं आयुष्य अवलंबून असावं.

"हो," मी म्हणालो. "फार भूक लागली होती."

"उद्यापासून मी मोजून देणार."

"मोजून दे. ताटली मात्र एकच ठेव."

 बायकोनं एकदा आईच्या बोटांकडे पाहिलं, त्यांना लागलेल्या लसणाकडे पाहिलं, आणि मिठाची बरणी घेऊन परत गेली. दोस्त निघायला उठला, गुडघ्यावरची माती झटकली. तेव्हा आईनं भाजीवाल्यावरची नजर काढली आणि त्याला म्हणाली,

"उद्या पण ये रे. लसूण जरा जास्त सोल. ह्याचं पोट भरलं नाही."